मृगाखालचा ढग आणि शेवंताचा फोटो

पौषातल्या अमावास्येला, संध्याकाळी बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी, आण्णांनी लेन्सवरचं झाकण काढलं आणि म्हणाले, "हं! आता कुणी पाय आपटू नका." तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ एवढी नक्की आठवते, कारण ती पाटीवर मीच लिहून घेतली होती.

किस्से हे मोरीतल्या शेवाळासारखे असतात. कुणी आणून लावत नाही, रोजच्या पाण्यानं आपसूक धरतं. एक दिवस पाय घसरतो तेव्हा कळतं, अगोबाई, किती साठलंय! आमच्या स्टुडिओचे किस्से असेच साठले आहेत. आपली ही वही आळीतल्या आम्हा पाचसहा शिकलेल्या बायकांत फिरते, आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवायचं असा नियम आहे. तेव्हा हसण्यासारखं असेल तिथं हसा. पण मी हे लिहायला बसले आहे ते एका घोरापायी.

शेवंता, माझी थोरली, आता सहा वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना तिला देवी आल्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. देवी येण्याआधीचा तिचा एकच फोटो आहे, आणि तो मी चार वर्षं ट्रंकेत लुगड्यांच्या खाली लपवून ठेवला. ती विचारायची, "आई, मी बारकी असताना कशी दिसत हुते?" मी म्हणायची, "अशीच." यंदा शाळेत घातल्यापासून ती हे रोज विचारायला लागली. फोटो दाखवला तर आपलं काय गेलं ते तिला कळणार. नाही दाखवला तर आई खोटं बोलते एवढं तरी कळणारच. यातलं बरं कोणतं?

आता मूळ गोष्टीवर येते.

* * *

शाहूपुरी पेठ तेव्हा नवी होती. आण्णांचा फोटोचा स्टुडिओ खाली, वर मोकळी गच्ची, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. हे, म्हणजे शेवंताचे वडील, स्टुडिओत काचा धुण्यापासून फोटो छापण्यापर्यंत सगळं करत. कुणा साहेबानं बदली होऊन जाताना एक दुर्बीण विकली, ती आण्णांनी घेतली आणि त्यांना वेड लागलं.

आभाळात मृग आहे ना, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला दिसतो. त्या बाणाखाली आणखी तीन बारके तारे लोंबतात. त्यातला मधला तारा नव्हेच, तो ढग आहे. तेजोमेघ. आण्णा सांगत, "तो वायू हाय. स्वतः उजळलेला. आणि त्याच्या आत ताऱ्यांचा झुबका हाय, द्राक्षाच्या घडासारखा." त्या ढगाचा आणि झुबक्याचा फोटो काढायचा! स्टुडिओतली नवरानवरीचे फोटो काढायची मोठी लेन्स दुर्बिणीच्या पाठीवर दोरीनं आवळली, आणि तयारी झाली.

आण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, नंतर पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं दिवेलागणीला सगळी पेठ जेवायच्या मागं असायची, तेव्हा हे गृहस्थ मोकळे! गच्चीवर दिवाही नाही, कारण दिव्यावर किडे येऊन मरतात. खालून गुळाचे एक अडते ओरडले, "आण्णा, अंधारात काय करताय हो?"

आण्णा वरून म्हणाले, "उजेड बघतोय की!"

* * *

तारे सरकतात, म्हणून लेन्सही त्यांच्यामागं सरकत राहिली पाहिजे, नाहीतर ठिपक्याच्या रेघा होतात. त्यासाठी दस्तगीरचाचांना बोलावलं. चाचा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांच्या तीन पिढ्या त्याच धंद्यात. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची चाकं काढली, वाळूची पिशवी टांगली आणि दुर्बीण फिरवून दाखवली. अशी गुळगुळीत फिरली की आण्णांनी हात जोडले.

पहिली प्लेट, म्हणजे फोटोची काच, धुतली तर सगळ्या ताऱ्यांना बारीक शेपट्या! आण्णांनी पुस्तक आणून दाखवलं. आभाळाचा फेरा चोवीस तासांचा नाही, त्याला चार मिनिटं कमी लागतात. चाचांनी चष्मा वर केला, पुस्तकाकडे बघितलं, मग आपल्या घड्याळाकडे.

"आण्णा, माझं घड्याळ बरोबर हाय. आभाळ रोज चार मिनिटं पुढं पळतंय. त्याला आणा दुरुस्तीला!"

मग पुटपुटत पुटपुटत लंबक थोडा वर चढवून दिला. तरीही यांना दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागे, आत बारीक तारांची फुली होती, तारा तिच्यावरून हलला की हातानं खीळ फिरवायची. तास दीड तास मान वाकडी. तेव्हापासून यांची मान दुखते ती दुखतेच आहे.

* * *

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना हे अमावास्येचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. चांदणं नसेल तेव्हाच तारे काढता येतात हे त्यांना किती वेळा सांगितलं! एकदा आण्णा त्यांना समजवायला बसले. "मावशी, त्या ढगात नवे तारे जन्माला येतात असं मोठे मोठे साहेब म्हणतात. ते तारे म्हणजे बारकी पोरं म्हणा."

आत्याबाईंनी पदर सावरला. "म्हंजे बाळंतिणीची खोलीच की ती! आणि तुमी बापयं दाराला भोक पाडून आत बघताय व्हय रं?"

आण्णांनी दुर्बीण झाकून ठेवली. त्या दिवशी प्लेट काढलीच नाही.

* * *

अमावास्येला गच्चीवर माणसं दिसतात म्हटल्यावर पेठेत बोभाटा झालाच. कुणी म्हणे करणी करतात, कुणी म्हणे करणी उतरवतात. एक म्हातारी हातकणंगल्याकडून चालत आली. जिना चढून वर आली आणि आण्णांच्या पायाशी नारळ ठेवला.

"पावणं, ह्यातून लांबचं दिसतंय म्हनं?"

आण्णा म्हणाले, "दिसतंय की आजी." तिला ढग दाखवला. म्हातारीनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"हे ऱ्हाऊ द्या. माझा ल्योक मुंबैला गिरणीत गेलाय. दोन वर्सं झाली, कागुद न्हाई. ही जरा आडवी करा की!"

कुणी हसलं नाही. यांनी खरंच दुर्बीण आडवी केली, उत्तरेकडं तोंड करून. म्हातारी पुन्हा डोळा लावून बसली. मग उठली आणि म्हणाली, "अंधार लई हाय तिकडं." नारळ तिथंच ठेवून गेली.

* * *

आता माझी फजिती सांगते. मी रिटचिंग करते, म्हणजे काचेवरच्या चेहऱ्याची दुरुस्ती. माहेरी सातवीपर्यंत शिकले, अक्षर बारीक, हात स्थिर, म्हणून आण्णांनी शिकवलं. खिडकीशी काच उभी करायची, भिंग लावायचं. खड्डे असतील तर पेन्सिलीनं भरायचे, काळे ठिपके असतील तर बारीक चाकूनं खरवडायचे. काचेवर सगळं उलटं दिसतं, पांढरं ते काळं. देवीचे वण घालवण्यात माझा हात चांगला बसला होता. वरपक्षाकडे पाठवायचे मुलींचे फोटो खास माझ्याकडं येत. आत्याबाई म्हणायच्या, "देवीनं दिल्यालं लेणं पुसतीस. ती बघून घील हं." मी हसायची.

तर शेपट्या नसलेली पहिली चांगली प्लेट निघाली ती यांनी वाळायला माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न सांगता बाजारात गेले. मी काच उचलली. कुणाचा चेहरा दिसेना, नुसते काळे ठिपके! मला वाटलं, प्लेट धुताना घाण बसली. यांची चूक आण्णांना दिसायला नको म्हणून सकाळपासून जेवणापर्यंत बसले आणि एकेक ठिपका खरवडून काढला. मधे ज्वारीच्या दाण्याएवढा एक डाग होता, तो काही केल्या निघेना, तेवढा राहिला.

आण्णा आले. काच उजेडाला धरली. भिंग लावून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघितली. मग म्हणाले, "पोरी, तू आभाळ झाडून काढलंस की!"

मी रडायला लागले. तर स्वतःच मला समजावतात, "असू दे. ढग तेवढा ठेवलास, उपकार झाले."

* * *

हा पुढचा किस्सा महिनाभर आम्ही सगळ्यांना हसत हसत सांगत होतो. आता कुणी सांगत नाही.

माघात संस्थानच्या दरबारचे देवी टोचणारे पेठेत आले. पोरांच्या दंडावर टोचून पुढं जायचे. आत्याबाईंनी शेवंताला कडेवर उचललं आणि माझ्याकडं बघितलं. टोचलं की देवी कोपते अशी त्यांची समजूत. मला शाळेत शिकवलं होतं, टोचून घ्यावं. पण पलीकडच्या घरातलं पोर टोचल्यावर तीन दिवस तापानं फणफणलेलं मी बघितलं होतं. एकुलती एक पोर. मला भीती वाटली. प्लेटा धुवायची काळोखी खोली होती, तिथं तिला घेऊन आत्याबाई बसल्या आणि मी दाराबाहेर उभी राहिले.

टोचणारे म्हणाले, "घरात मूल आहे असं लिहिलंय."

मी म्हटलं, "आत प्लेटा धुतायत. दार उघडलं तर दरबारी माणसांचे फोटो जातील!"

ते बिचारे दोन पावलं मागं सरले. "नको नको, राहू द्या," म्हणाले. जाताना वहीत काहीतरी खूण केली. आतून शेवंता खिदळली तेव्हा आत्याबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि बाहेर मी खोकला आणला. नंतर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दरवाजा उघडला तेव्हा शेवंता उजेडाला डोळे चोळत होती.

* * *

त्याच आठवड्यात आण्णांनी शेवंताचा फोटो काढला. "पगारात नव्हे हं, माझ्या हौसेनं," म्हणाले. तिला परकर पोलकं घालून खुर्चीवर बसवली, यांनी मागून खुळखुळा वाजवला. काच तशीच लाकडी डबीत राहिली, सवडीनं धुऊ म्हणून. काढून झालेल्या काचेच्या डबीवर खडूनं फुली करायची आमच्यात पद्धत आहे. फुली केलीही होती. पण आत्याबाईंनी शिमग्याची झाडलोट आधीच काढली, आणि सगळ्या डब्या ओल्या फडक्यानं फुल्यांसकट पुसून लख्ख करून ठेवल्या!

माघातल्या अमावास्येला हवा अशी स्वच्छ होती की आण्णा कुजबुजत बोलत होते. घड्याळ नीट चाललं, यांचा डोळा हलला नाही, एक तास वीस मिनिटं. आणि कोरी समजून लावलेल्या त्या काचेत आधीच शेवंता बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापून बघितलं. आमची शेवंता खुर्चीवर बसून हसते आहे आणि तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर, पोलक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. उजव्या कानाशी तो ढग. आण्णांना आधी पोरगी दिसलीच नाही. ओरडले, "असा झुबका अजून कधी आला न्हवता! बघा, बघा, एकेक तारा टोकदार!"

आत्याबाईंनी बघितलं आणि कागद खाली ठेवला. "देवी," एवढंच म्हणाल्या.

मी चाकू घेतला. पोरीच्या तोंडावरचे तरी काढते म्हटलं. आण्णांनी माझ्यापुढं हात पसरले. "पोरी, तिचा दुसरा काढतो. दहा काढतो. ही ऱ्हाऊ दे. ही मुंबईला साहेबांना दाखवायची हाय." मालक माणूस हात पसरतो म्हटल्यावर काय करणार? मी चाकू ठेवला.

दुसरा फोटो काढायचा राहून गेला. आज काढू, उद्या काढू.

* * *

फाल्गुनातली अमावास्या. मृग आता पश्चिमेला कलला होता, त्या साली ही शेवटचीच संधी. मी धावत जिना चढले. "अहो, शेवीचं अंग भाजतंय. खाली या."

यांचा डोळा दुर्बिणीला. मान न हलवता म्हणाले, "अजून बावीस मिनिटं."

"अहो, ती डोळे उघडत नाही."

"डोळा काढला तर सगळी प्लेट जाईल. बावीस मिनिटं फक्त."

आण्णा लेन्सपाशीच उभे राहिले. चाचा कोपऱ्यात वाळूची पिशवी सांभाळत बसले होते. ते उठले. डोक्यावरची टोपी काढली आणि लेन्सवर घातली.

"झाली प्लेट," चाचा म्हणाले. "आभाळ उद्या परत येतंय. जा रं घरला."

हे उठले, आणि एवढा वेळ वाकून बसल्यानं त्यांना उभंच राहता येईना. चाचांनी काखेत हात घालून खाली आणलं.

तिसऱ्या दिवशी पुरळ दिसलं. मग एकवीस दिवस. त्या दिवसांचा किस्सा होत नाही.

* * *

शेवंता उठून बसायला लागल्यावर आण्णा ती काच आणि एकुलती एक छापलेली प्रत घेऊन आले. मुंबईला पाठवली नव्हती. उंबऱ्यातच उभे राहिले, आत येईनात.

"पोरी, ही तुझी. वाटतील तेवढे तारे काढ. आतनं पोरीचं तोंड निघंल."

मी म्हटलं, "आण्णा, पण तुमचा झुबका?"

"दर साली उगवतोय त्यो," म्हणाले, आणि गेले. त्यानंतर त्यांनी दुर्बीण गच्चीवर चढवली नाही. आता तिच्यावर चाचा आपलं घोंगडं वाळत घालतात.

काच मी तीनदा खिडकीशी उभी केली. चाकू धरायची आणि तसाच खाली ठेवायची. आत्याबाई आता मला काही म्हणत नाहीत, त्यांनी म्हणावं असं मलाच वाटतं. शेवटी काच आणि फोटो दोन्ही ट्रंकेत गेले. धाकटा झाला तेव्हा बारशाच्या आधी मी टोचणाऱ्यांचा पत्ता काढला. आत्याबाई स्वतः त्याला मांडीवर धरून बसल्या आणि दुसरीकडं बघत राहिल्या. तरीही तो रात्री शिंकला की मी दिवा लावून त्याचं अंग बघते. हे म्हणतात, "झोप आता." मान दुखते म्हणून तेही जागेच असतात.

* * *

आता शेवटचा. हा गेल्या आठवड्यातला आहे.

कपड्यांना ऊन द्यायचं म्हणून ट्रंक ओसरीवर काढली होती. धाकटा रडला, म्हणून आत गेले. बाहेर येते तर लुगडी विस्कटलेली, आणि शेवंता उन्हात पाय पसरून बसलेली, हातात तो फोटो. मी दारातच थांबले. 

ती फोटोवर एक बोट ठेवायची आणि दुसऱ्या हातानं आपला गाल चाचपायची. मग कपाळ. मग हनुवटी. असं कितीतरी वेळ चाललं होतं. मग मला बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला, असा फुलला की काय सांगू!

"आई, ही मीच न्हवं?"

"तूच."

"ह्यात तर हायतच की! हे बघ, हितं, हितं, आणि हितं बी! मला पयल्यापास्नंच हायत!"

मी विस्कटलेली लुगडी गोळा करायला लागले.

"शाळंत ती सुमी म्हनती, तू आदी बरी हुतीस, मग बिघाडलीस. लबाड बोलती की गं ती!"

आणि फोटो उंच धरून आत पळाली, आजीला दाखवायला. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोटो बघितला, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. पोरगी त्यांच्या खांद्याला लोंबकळून विचारत होती, "हायत न्हवं आज्जी? हायत न्हवं?"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "व्हय गं माझ्या बाई," म्हणाल्या. "पयल्यापास्नंच हायत."

आता ती तो फोटो घेऊन सगळ्या आळीत हिंडते आहे. तुमच्याकडंही येईल. तेव्हा ही वही पुढच्या घरी देताना एवढा निरोप तोंडी द्या, आणि जिला वाचता येत नाही तिला आधी हेच सांगा: शेवंतानं विचारलं तर "व्हय" म्हणायचं. आण्णांना मी सांगितलं आहे. चाचांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि ते मोठे बोलके आहेत. त्यांच्या दुकानावरून जी कुणी जाईल तिनं आजच सांगावं.